ओळखीचे दोन इसम

संघदीपने दोन्ही किसनसिंगांना शोरूमच्या भिंतीला टेकवून उभं केलं, हातात आपापलं आधार कार्ड धरायला लावलं आणि मोबाईल वर केला.

"हलू नका. दोघं दोन दिसले पाह्यजे."

घाटंजीच्या त्या स्कूटरच्या शोरूममध्ये संघदीप कर्जाच्या टेबलावर बसत असे. दोन माणसं दोन आहेत हे सिद्ध करायचं काम त्याच्याकडे याआधी आलं नव्हतं.

फोटोत डावीकडे वरचा किसन, उजवीकडे खालचा. एकाचं घर टेकाडावर, दुसऱ्याचं नाल्याकडे, म्हणून तांडा त्यांना तसं म्हणे. बाप वेगळे, पण कागदावर दोघंही किसनसिंग धावजी आडे, आणि दोघांचीही जन्मतारीख एक जून एकोणीसशे एकोणसत्तर. पुंडलिकराव गुरुजींनी तांड्यावरची अकरा पोरं एकाच सकाळी शाळेत घातली होती. दाखल्यांवर विश्वास ठेवायचा तर त्या एक जूनला तांड्यावर अकरा बाळंतपणं झाली होती. पोरं शिकली, त्यामुळे याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पन्नास वर्षं तरी नव्हती.

वरच्या किसनसिंगांना मुलीसाठी स्कूटर घ्यायची होती. अंजू घाटंजीतल्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये लागून दीड वर्ष झालं होतं. काम सातला सुटायचं आणि तांड्याकडची शेवटची बस साडेपाचला जायची. म्हणून ती खोली करून राहायची, घरी यायची ती रविवारी. स्कूटर आली की रोज येणार होती. कर्ज माझ्या नावावर काढू, असं ती दोनदा म्हणाली. दोन्ही वेळा किसनसिंग बैलांना पाणी दाखवायला उठले. घरातली पहिली गाडी बापाच्या नावावर असावी, यात बोलण्यासारखं त्यांना काही दिसत नव्हतं.

आणि त्यांच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये फ्रिज निघाला. हप्त्यावर घेतलेला, शेवटचे तीन हप्ते थकलेले, प्रकरण वसुली एजन्सीकडे. फ्रिज खालच्या किसनसिंगचा होता. तो कधी थंड झाला नव्हता, म्हणून त्यानेही पुढचे पैसे दिले नव्हते. फायनान्स कंपनीने पॅन नंबरची चौकट रिकामी सोडलेली. नाव, गाव, तारीख जुळल्यावर संगणकाने तो फ्रिज टेकाडावर चढवून ठेवला. एजन्सीतली बाई रोज जेवणाच्या वेळी फोन करायची. किसनसिंगांच्या बायकोने, सुखीबाईने, चार दिवस तिच्याशी भांडून पाहिलं. पाचव्या दिवसापासून ती फोनवर "जेवलीस का वो बाई?" असं विचारू लागली.

फोटोसोबत तक्रारीचा अर्ज गेला, आणि खालच्याचं पत्र: 'फ्रिज माझा आहे. कबूल. पण तो थंड होत नाही.' शेवटचं वाक्य काढा, असं संघदीपने सुचवलं होतं. मग सहीही काढ, असं उत्तर आलं.

महिन्याभराने रिपोर्ट आला तेव्हा दोघं पुन्हा शोरूममध्ये हजर झाले. जेवणाच्या सुट्टीत अंजूही आली.

"काका, फ्रिज गेला," संघदीप म्हणाला.

"माह्याकडे आला का मंग?" खालच्याने विचारलं.

"आला."

"बरं झालं. आपली वस्तू आपल्याच नावावर पाह्यजे."

संघदीपने संगणकाचा पडदा वरच्या किसनसिंगांकडे वळवला. पडदा बराचसा पांढरा होता.

"आता तुमच्या रिपोर्टात काहीच नाही, काका."

"तेच तं पाह्यजे होतं."

"तसं नाही. तुम्ही जन्मात कर्ज घेतलं नाही, त्याच्यानं तुम्ही माणूस कसे हे सिस्टमले समजून नाही राह्यलं. फ्रिज होता तवा तुम्ही निदान कोणी तरी होते."

किसनसिंगांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. घर, मोटरपंप, थोरलीचं लग्न, सगळं रोखीनं केलं होतं. टोपीची घडी त्यांनी नीट केली, मग आणखी एकदा नीट केली.

अंजूने खुर्ची पुढे ओढली. पगाराची स्लिप तिने घडी करून पर्समध्ये आणलीच होती.

"माह्या नावानं भरू, बा?"

बैल तिथे नव्हते. किसनसिंगांनी अर्ज तिच्याकडे सरकवला.

जन्मतारखेच्या चौकटीत तिने लिहिलं, अकरा ऑक्टोबर दोन हजार दोन. किसनसिंग ओणवे होऊन वाचत होते. ही तारीख कोणत्याही गुरुजींनी दिलेली नव्हती. दवाखान्याच्या ओट्यावर बसून त्यांनीच नर्सला आपल्या घड्याळातली वेळ सांगितली होती.

"पहाटेचे चार वीस," ते म्हणाले.

"वेळ नाही लागत, काका," संघदीप म्हणाला.

"लिहून तं घे."

त्याने समासात लिहून घेतली. स्लिप पाहून, कर्ज होऊन जाईल, असंही सांगितलं. शेवटच्या पानावर 'ओळखीचे दोन इसम' असा रकाना होता. पहिल्या ओळीत अंजूने लिहिलं, किसनसिंग धावजी आडे. खालच्या किसनसिंगने घसा साफ केला. दुसऱ्या ओळीत तिने लिहिलं, किसनसिंग धावजी आडे.

संघदीपने दोन्ही ओळी वाचल्या. टेबलाचा खण ओढून त्याने भिंतीला टेकलेल्या दोघांचा छापून ठेवलेला फोटो बाहेर काढला आणि अर्जाला स्टेपल केला.