माझं चित्र

"माझं चित्र अजून ओलं आहे, हात लावू नकोस," असं बजावून लेक आंघोळीला गेली. आता ब्युटीपार्लर चालवणाऱ्या बाईला चेहऱ्याला हात लावू नकोस म्हणणं म्हणजे मांजराला दुधाकडे बघू नकोस म्हणण्यापैकीच!

पार्लरच्या खुर्चीवर चित्र वाळत ठेवलं होतं. हिरवट चेहरा, एक डोळा बटाट्याएवढा, दुसरा ओघळलेला, तोंड किंचाळल्यासारखं उघडं आणि एका गालावर जांभळ्या रंगाचा हा एवढा थर. उद्या लेकीच्या चित्रकलेच्या कॉलेजात परीक्षक येणार, मग प्रदर्शन. बाईंनी मोठ्या कौतुकाने सगळ्या गिऱ्हाइकांना आमंत्रण देऊन ठेवलेलं.

"मेलीने आईची अब्रू चव्हाट्यावर मांडली!" नाक आपलं, हनुवटी आपली, दुसरं कोण असणार? दिवसभर उभं राहून पाय सुजले की आपलं तोंड असं होत असेलही. पण ते काय चारचौघांत टांगायचं?

त्यांनी लेकीचाच ब्रश उचलला. जरासं टचअप, बस. ओठांची टोकं वर घेतली. डोळ्याखालचं हिरवं पुसलं. जांभळं हटेना, तेव्हा त्यावर आधी पिवळं लावलं, मग कातडीचा रंग, आणि कडा बोटाने थोपटून विरवल्या. हात सराईत होता.

लेक केस पुसत आली आणि जागीच थांबली.

"बघ, आता कशी माणसात आली तुझी आई!"

"आई, ती तू नाहीस."

"मग कोण?"

"मी. माझं चित्र म्हणाले होते ना?"

माझं म्हणजे मी काढलेलं, असं बाई समजल्या होत्या. त्यांनी लेकीकडे पाहिलं. नुकत्याच धुतलेल्या गालावर जन्मापासूनचा जांभळा डाग उघडा होता. लेक शाळेत जाण्याआधी रोज त्याच तो झाकायच्या. आधी पिवळं, मग कातडीचा रंग, मग बोटाने थोपटणं.

ते किंचाळणारं तोंड आपलं आहे, हे किती पटकन पटलं होतं! पोरीचं असेल, हे मनातही आलं नाही.

"पुसते गं, आत्ता पुसते," म्हणत त्यांनी चिंधी घेतली. लेकीने त्यांचा हात धरला. वाकून तिने चित्रातला गाल नीट निरखला.

"छान झाकलंयस. दिसतसुद्धा नाही."

टोमणा नव्हता तो. म्हणूनच बाईंना मान वर करवेना.