दशरथ यांचा फोन शोधत आहे

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. जुनी म्हणजे कागदोपत्री. माझ्या मागच्या सीटवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही.

टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या दशरथ यांनी मला वारज्याला आणलं. मार्केट यार्डापर्यंत जायचं असलं तरी आधी ते माझ्या चारी चाकांभोवती फेरी मारत. मी सुरू झाले की पडद्यावर अक्षरं उमटत, 'दशरथ यांचा फोन शोधत आहे'. तो लगेच सापडे. त्यांच्या खिशातच असे.

एका सकाळी ते खाली आलेच नाहीत.

मग अकरा महिने मी कव्हराखाली उभी होते. त्यांची मुलगी आम्रपाली कधीकधी आत येऊन बसे. सीट हलवत नसे. किल्ली फिरवत नसे. पडद्यावर काय उमटेल ते तिला ठाऊक होतं. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी बिऱ्हाड केलं, ब्रेकवर गंज चढला. उभं राहूनही झिजता येतं, मित्रांनो.

शेवटी तिने मला जयसिंग यांच्याकडे विकायला दिलं. त्यांनी मला धुतलं, चकाकवलं. बॉनेट उघडलं ते बॅटरी बदलण्यापुरतं.

राजनंदिनीताई नावाच्या शिक्षिका मला बघायला आल्या. वडिलांना, बापूरावांना, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचं होतं. तेही मागे बसले. मालकी बदलण्याचा ओटीपी दशरथ यांच्याच नंबरवर येणार, म्हणून आम्रपाली त्यांचा फोन पर्समध्ये घेऊन खिडकीपाशी उभी होती.

मी सुरू झाले. अक्षरं उमटली. आणि फोन सापडला. मला वाटलं, ते आले.

इतक्यात तो वाजला. गोंधळून राजनंदिनीताईंनी स्टीअरिंगवरचं बटण दाबलं, आणि माझ्या स्पीकरमधून आवाज आला, "दशरथ सर का? सर्व्हिस सेंटरमधून बोलतेय. गाडीची वर्षाची सर्व्हिस राहिलीय, सर."

आम्रपाली खिडकीतून आत वाकली. म्हणाली, "ते नाहीत. मी त्यांची मुलगी."

हे वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

"सॉरी मॅडम. मग गाडी कधी आणताय?"

फोन बंद झाल्यावर बापूराव म्हणाले, "जयसिंगशेठ, सगळं तपासलंय म्हणालात ना?"

"काका, चार हजार किलोमीटरला कसली सर्व्हिस? नवीच आहे."

"मीही वर्षभर पलंगावरच आहे. फार चाललेलो नाही. मला नवा म्हणाल?"

आम्रपालीने कागद पर्समध्ये परत ठेवले. "आधी सर्व्हिस. मग सही."

"अहो मॅडम, तुम्ही विकताय. तुम्हाला काय फरक पडतो?"

"माझ्या बाबांची गाडी आहे," ती म्हणाली. "तिच्यात आता यांचे बाबा बसणार आहेत."

गॅरेजात मेकॅनिकने उंदरांचं घरटं बाहेर काढलं. मागचा एक ब्रेक धरतच नव्हता. "उतारावर कळलं असतं," एवढंच तो म्हणाला.

सही झाली. आम्रपालीने पडद्यावरचं ते नाव स्वतःच्या बोटाने पुसलं आणि राजनंदिनीताईंना हळूच काहीतरी सांगितलं.

मित्रांनो, आम्हाला विकण्याआधी जरूर पुसा, पण आतही बघा. कमी चाललेल्याला काही झालेलंच नसतं, असं धरून चालू नका.

काल निघण्याआधी माझ्या चारी चाकांभोवती कुणीतरी सावकाश फेरी मारली. पावलं राजनंदिनीताईंची होती. तरी सुरू होताना मी क्षणभर थांबले, आणि शोधलं.