बेबीचा पालक कोण

माझ्या थोरल्या बहिणीला दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलीचं वय एक्केचाळीस, पण घरात ती अजून बेबीच. तिची समज सात-आठ वर्षांच्या पोरीएवढी, असं डॉक्टर सांगतात. एका लाँड्रीत ती चादरींच्या घड्या घालते. टोकाला टोक जुळलं नाही तर चादर पुन्हा झटकते. तिथल्या सुपरवायझर बाईंचंही ऐकत नाही.

बहिणीला हृदयविकाराचा झटका येऊन गेला. बरी झाल्यावर तिने मुलांना बोलावलं आणि विचारलं, माझ्यामागे हिचं कोण बघणार?  दोघांचीही कारणं निघाली. थोरल्याचं घर चौथ्या मजल्यावर, शिवाय त्याच्या बायकोची पाठ धरलेली. धाकट्याची बदली कधीही होऊ शकते. अकरा वर्षं ती होऊ शकतेच आहे. शेवटी थोरल्यानेच एखादी चांगली संस्था बघू या, असं सुचवलं.  मी बहिणीला एका वकीलबाईंकडे घेऊन गेले.

राहतं घर बेबीसाठी ठेवायचं ठरतंय, ही कुणकुण लागायला दोन दिवस लागले. मग काय विचारता! रविवारी दोघे सहकुटुंब हजर. धाकट्याने बेबीसाठी फुगे आणले. एक्केचाळीस वर्षांच्या बाईला फुगे! थोरल्या सुनेची पाठ तर अशी सुधारली, की ती खाली वाकून नणंदेच्या सँडलचे पट्टे लावत होती.

"रक्ताचं नातं आहे, मावशी," थोरला मला म्हणाला. "परक्यांच्या दारात कशी टाकू तिला?"

संस्था सुचवणारं तोंड हेच.

वकीलबाईंच्या कार्यालयात पालक होण्यासाठी दोघे भाऊ बायकांदेखत हमरीतुमरीवर आले. बाईंनी त्यांना दमेपर्यंत बोलू दिलं. मग खुर्ची वळवून बेबीला विचारलं, तुला कुठे राहायचंय? इतक्या दिवसांत हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही.

"आमच्या घरात," बेबी म्हणाली. "दादाकडे नको. पाहुणे आले की दादा मला आतल्या खोलीत बसवतो. बाहेरून कडी लावतो."

थोरला भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला.  बहीण एवढंच म्हणाली, "लिहा, बाई."

बाईंनी लिहिलं. घर विश्वस्तांच्या ताब्यात, बेबी जिवंत असेपर्यंत फक्त तिच्यासाठी. ते कुणाला विकता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही, आणि तिच्यानंतर ते तिच्यासारख्यांची कार्यशाळा चालवणाऱ्या संस्थेला जाईल. पालकाच्या वाट्याला नुसती जबाबदारी. हे वाचून झालं तशी थोरल्या सुनेच्या पाठीत तिथल्या तिथे कळ आली आणि धाकट्याला बदली आठवली.

पालक व्हायला लाँड्रीच्या सुपरवायझर बाई तयार झाल्या. त्या एकट्याच होत्या. बहीण गेल्यावर त्या मागच्या खोलीत राहायला आल्या. बेबी त्यांच्याशी रोज भांडते आणि रोज त्यांच्यासोबतच कामावर जाते.

कागद बदलता येतील का, हे विचारायला दोघे भाऊ वकीलबाईंकडे जाऊन आले, तेही एकमेकांना न सांगता. आता त्यांनी नातेवाइकांत उठवलंय, की मावशीने घर गिळलं. मी विश्वस्त आहे आणि मला त्यातली वीटही मिळणार नाही, हे त्यांना खरंच वाटत नाही. वाटणार कसं? फुकट कुणी कुणाचं करतं, हे त्या दोघांना फक्त आईकडून घेताना कळलं; स्वतः कधी केलंच नाही.