तुमचाच माणूस

इस्त्रीच्या दुकानाचा नियम: कॉलर आधी, बाह्या नंतर.

लष्कराचा नियम: स्वयंपाकी, धोबी, न्हावी, पलटणीबरोबर आघाडीवर गेलेला कुणीही लष्करी कायद्याखाली येतो. बाजारात बसून त्याच पलटणीच्या दाढ्या करणारा येत नाही.

अर्धी दाढी झालेला सुभेदार फेस पुसत खंदकाकडे धावला.

न्हावी उलट्या दिशेने.

पलटणीत त्याला सगळे कात्री म्हणत. गोळे पडायला लागले तसा तो निघाला, तो थेट बहिणीच्या दारात. ताई इस्त्रीचं दुकान चालवायची. तिने आधी त्याला एक ठेवून दिली, मग जेवायला वाढलं. ताट संपायच्या आत लष्करी पोलीस हजर.

"साध्या माणसाने काम सोडलं तर काय होतं?" कात्रीच्या वकिलाने तिला दुकानात येऊन विचारलं.

"पगार बुडतो."

"आणि आघाडीवरून सैनिक पळाला तर?"

तिने हातातली इस्त्री बाजूला ठेवली.

"म्हणून तुमचा भाऊ साधा माणूसच राहिला पाहिजे. तळाच्या फाटकाबाहेर बाजारात त्याची खुर्ची होती ना?"

"होती की. एक पाय लंगडा होता."

"पायाचं राहू द्या. भाऊ बाजारात धंदा करायचा, एवढंच सांगा. पुढे तोंडाला कुलूप."

सुभेदार भला निघाला. दाढी नेमकी कुठे चालली होती, हे त्याला साक्षीत आठवेना.

लष्करी न्यायालय भरलं तळाच्या जेवणघरात. टेबलं जोडून त्यांमागे तीन अधिकारी बसले होते. तिघांच्याही मानेवर कात्रीचाच हात फिरलेला. ताईने लगेच ओळखला.

मधल्याने मवाळ आवाजात विचारलं, "बाई, तुमच्या भावाचा पलटणीशी संबंध काय?"

काही नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण एवढ्या मोठ्या माणसांसमोर भावाला परका कसं म्हणायचं? परक्यावर दया कोण करतं?

"असं काय विचारता साहेब? तुमचाच माणूस तो. आघाडीवर तुमच्याबरोबर गेला, तुमच्याच ताटात जेवला. गोळ्यांच्या आवाजातसुद्धा तुमच्या दाढ्या केल्या. एकदा भ्यालं पोर. घरच्या माणसाचा अपराध पोटात घालतात, साहेब."

"ताई, बस कर," कात्री पुटपुटला.

तिला वाटलं, लाजतोय. मग तिने आणखी सांगितलं. कुठल्या डोंगरावर, कुठल्या थंडीत, कुणाकुणाबरोबर.

वकिलाने फाइल मिटली.

निकालानंतर व्हरांड्यात तो एवढंच म्हणाला, "परका होता म्हणून सुटत होता हो."

ती नागरी न्यायालयात गेली. तिथल्या कारकुनाने वरही न बघता सांगितलं, "लष्कराचा माणूस. आमच्याकडे चालत नाही."

"लष्कराचा कसा? न्हावी आहे तो!"

"मग हे तिथे सांगायचं होतं."

तुरुंगात भेटायला गेली तेव्हा तो हसला. "इथेही मीच सगळ्यांच्या हजामती करतो. गिऱ्हाईक पळून जायची भीती नाही."

तिला हसू आलं नाही. त्यालाही आपलं हसू टिकवता आलं नाही. जाळीतून तो म्हणाला, "आता येत जाऊ नकोस, ताई."

ती येत राहिली. तो भेटायला यायचा बंद झाला.

कात्री पळाला त्याच दुपारी पलटणीला मागे हटण्याचा हुकूम आला होता.