सौनाला न येणारा शेजारी

फिनलंडमधल्या टाम्पेरे शहरातल्या आमच्या इमारतीत सगळं सुरळीत चाललं होतं. मग ऐन हिवाळ्यात तिसऱ्या मजल्यावर रायमो भाड्याने राहायला आला आणि लोकांची झोप उडाली!

त्याच्या खिडकीत दिवसभर जांभळा उजेड. आतून सतत घरघर. आणि कहर म्हणजे दोन महिने झाले तरी हा माणूस तळघरातल्या सामाईक सौनात एकदाही वाफ घ्यायला उतरला नव्हता. सौनाला न जाणारा फिनिश माणूस? सगळ्यांच्याच मनात पाल चुकचुकली.

त्याला घराबाहेर काढावं, असा घरमालकाला द्यायचा अर्ज इमारतीच्या अध्यक्षा तूलिक्कीबाईंनी लिहिला. बारा सह्या झाल्या. तेराव्या सहीसाठी शनिवारी इमारतीच्या वाचनमंडळात त्या अर्ज घेऊनच आल्या. तिथे चर्चा होती एका विज्ञानकथेची. आपल्यातला कुणीतरी परग्रहावरचा आहे, अशी गावात अफवा उठते आणि महिन्याभरात गाव ओस पडतं.

"काय मूर्ख माणसं!" वेलचीचा पाव कॉफीत बुडवत बाई म्हणाल्या. "शहानिशा करायला काय झालं होतं?"

"आणि परग्रहावरचा कुणी आलेलाच नसतो," निवृत्त शिक्षक काउको म्हणाले. "बरं, तो कागद कसला?"

"रायमोचा. करा सही, मास्तर. काहीतरी लपवतोय तो."

"त्याचं दार वाजवलंत?"

"मी? वेड लागलंय का मला?"

"त्या गावातही कुणी वाजवलं नव्हतं."

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. पण मनाच्या सरळ! तशाच उठून त्या जिना चढल्या. मागोमाग काउको.

दार उघडलं. जांभळ्या दिव्यांखाली मिरचीची चाळीस रोपं आणि त्यांना वारा घालणारा एक घरघरता पंखा!

"अहो, हिवाळ्यात यांना ऊन कुठलं मिळणार?" रायमो लाजत म्हणाला.

"आणि सौना?"

"सौनाच्या वेळांच्या यादीत माझ्यासाठी जागाच नव्हती. कुणी विचारलंही नाही. मी दिसलो की तुमची दारं बंद व्हायची. वाटलं, नकोय मी तुम्हांला. दुसरीकडे घर बघतोय."

तूलिक्कीबाईंचे डोळे भरून आले. बाराजण एकाला भीत होते आणि तो एकटा बाराजणांना! तेवढ्यात काउकोंनी एक मिरची चावून पाहिली होती. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण कारण वेगळं.

बाईंनी अर्ज उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर सौनाची नवी यादी सुरू केली. पहिली ओळ: शनिवार, पाच वाजता, रायमो.

"ही वेळ तर तुमची ना?" रायमोने विचारलं.

"होती. आता मुकाट्याने टॉवेल घ्या आणि खाली जा!"

वाचकहो, शंका आली तर आधी दार वाजवा, कागद नंतर काढा. बहुतेक दारांमागे मिरचीची रोपंच असतात.