धाकट्याची थाप

कोण कुठे बसणार याची सोडत निघाली आणि चष्मेवाला नेमका आपल्या सख्ख्या धाकट्या भावासमोर येऊन बसला. आई गेल्यापासून दोघांत अबोला होता. हॉटेलच्या हॉलमध्ये पोकरची स्पर्धा चालली होती. दुपारपर्यंत निम्मी टेबलं ओस पडली, हे दोघे मात्र चिकाटीने टिकून होते. नजरानजर झालीच तर चुकून.

मग धाकट्याने डावावर लावायच्या आपल्या सगळ्या चिप्स मध्ये सरकवल्या. "ऑल-इन."

बाकीच्यांनी मुकाट्याने पानं टाकली. उरला चष्मेवाला. हातात नव्व्यांची जोडी. धड टाकवत नाही, धड धरवत नाही, असली पानं. धाकट्याकडे मोठी जोडी असली तर आपण स्पर्धेतून बाहेर. नुसती हूल असली तर तो.

त्याने मान वर केली. धाकटा अंगठ्याने कानाची पाळी चोळत होता.

ते चोळणं चष्मेवाल्याच्या चांगल्या ओळखीचं होतं. लहानपणी "काच मी नाही फोडली" म्हणताना हेच. आईच्या शेवटच्या आजारात "मी जाऊन आलो तिच्याकडे" म्हणतानाही हेच. आईला तेव्हा माणसं ओळखू येत नव्हती, नर्सलाही कुणी आल्याचं आठवत नव्हतं. चष्मेवाल्याने चारचौघांत त्याला खोटारडा म्हटलं आणि बोलणं तुटलं ते तुटलंच.

"साहेब, ठरवा आता," पत्ते वाटणारी म्हणाली.

"कॉल," म्हणत त्यानेही आपल्या चिप्स पुढे सरकवल्या.

धाकट्याने पानं उलटी केली. दोन राजे. मग दोघांच्या सामाईक अशी मधली पाच पानं एकेक करून उघडली, पण त्यांत नव्वी काही आली नाही.

"मला वाटलं, थाप मारतोयस," उठता उठता चष्मेवाला म्हणाला. "कान चोळत होतास."

"घाबरलो की चोळतो, दादा," धाकटा म्हणाला. "दोन राजे असले तरी भीती वाटतेच. तुझ्यासमोर तर नेहमीच वाटायची."

चष्मेवाला बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. घरी जायला पाय उचलेना. खेळाला मधली सुट्टी झाली तसा धाकटा पाणी प्यायला बाहेर आला.

"आईकडे खरंच गेला होतास?"

"तेव्हाच सांगितलं होतं की."

"काय म्हणाली?"

धाकट्याने पेला खाली ठेवला. "मला तूच समजली. तुझ्याच नावाने हाका मारत होती. मी आपला ओ देत राहिलो."

आतून खेळाडूंना बोलावणं आलं. "जातो," म्हणून तो वळला. चष्मेवाल्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण तोवर दार बंद झालं होतं.

दिवे लागेपर्यंत तो तिथेच धाकट्याची वाट बघत बसून होता. शेवटी हॉल झाडणाऱ्या बाईने सांगितलं, स्पर्धा केव्हाच संपली, सगळे मागच्या दाराने गेले.