ओठ आधी, आवाज मागून

“हा फोन माझ्या कानांशी बोलेल का?”

हा प्रश्न भिंगरीने भरल्या दुकानात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात विचारायचा, अशी मैत्रिणींची पैज होती. पैजेवर काही लावलेलं नव्हतं. “विचारून दाखव, तर मानलं तुला,” एवढंच वकील म्हणाली होती, आणि शेजारी उभ्या फुगीने ताबडतोब मान डोलावली होती. भिंगरीला एवढी काडी पुरते.

नावांचं सांगायचं तर, भिंगरीचा पाय एका जागी ठरत नाही म्हणून तिला घरच्यांनी ते नाव ठेवलं. वकील ही शाळेची देणगी. फळा पुसायला सांगितला तरी ती आधी आपली बाजू मांडते. आणि फुगी का फुगी, ते तिला नाही म्हणून बघा, कळेल.

भिंगरीच्या दोन्ही कानांत ऐकायचं मशीन आहे, अगदी तान्ही असल्यापासून. गेल्या वर्षापर्यंत ती भर उन्हाळ्यातही केस मोकळे सोडून कान झाकायची, मानेवर घामाच्या धारा लागल्या तरी. यंदा काय वारं शिरलं कोण जाणे. तिने केस वर करकचून बांधले, कातडीच्या रंगाची मशीनं बदलून गडद निळी घेतली, आणि कुणी टक लावून बघितलं की “आवडली का? दोन्ही कानांत मिळतात,” असं विचारायला लागली. समोरचा बिचारा खाली बघायचा.

दुकानदाराने आधी तिचा प्रश्न नीट ध्यानातच घेतला नाही. इयरफोन फुकट मिळतील, असं तो तोंडभर हसून म्हणाला. भिंगरीने मान वळवून कान दाखवला. तसं त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं आणि तो नदीपलीकडच्या माणसाशी बोलावं तसा, एकेक शब्द ताणून, ओरडून बोलायला लागला. ती शांतपणे म्हणाली, “काका, साधं बोला. मशीन मी लावलंय, तुम्ही नाही.” मागे वकील आणि फुगी एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसत होत्या.

हसण्यावारी न्यावी अशी गोष्ट मात्र ती नव्हती. भिंगरीचा फोन म्हणजे तिचा तिसरा कान. वर्गात तो शिक्षकांच्या टेबलावर ठेवायचा, मायक्रोफोन चालू करायचा, की मागच्या बाकावरही शिकवणं थेट तिच्या कानात उतरतं. पण त्या फोनची बॅटरी आता म्हातारी झाली होती. मधली सुट्टी संपेस्तोवर तो मान टाकायचा. आणि शनिवारी आंतरशालेय वादविवाद स्पर्धा होती. त्यात भिंगरीकडे खंडन आलं होतं, म्हणजे समोरचा बोलत असताना ऐकायचं आणि उभं राहून तिथल्या तिथे त्याचे मुद्दे खोडून काढायचे. मॅडमनी तिला निवडलं तेव्हा “हिच्या जिभेला कामाला लावू या, नाहीतरी ती रिकामी बसत नाही,” असं म्हटलं होतं. शाळेत आजवर भिंगरीच्या वाट्याला पाठांतर आलेलं. कविता म्हण, स्वागत कर, आभार मान. ऐकून उत्तर दे, असं तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

म्हणून स्पर्धेआधी नवा फोन घ्यायचं ठरलं. बाबांनी छाती काढून सांगितलं, “कोणता घ्यायचा ते तू ठरव. मी मधे पडणार नाही.” आईने तेव्हा ओट्यावरचा पुसलेला भाग पुन्हा पुसला.

दुकानात काउंटरवर पडलेला तो फोन दुसऱ्या कंपनीचा होता, नुकताच बाजारात आलेला, सगळ्यांत वरचा. कॅमेरा असा की मागच्या बाकावरून फळ्यावरच्या खडूची भुकटी दिसावी. बॅटरी दोन दिवस दम धरणारी. वर्गातल्या निम्म्या मुली त्याच कंपनीचे फोन वापरायला लागल्या होत्या, आणि फोटो एकमेकींना पाठवताना भिंगरीचा फोन कायम पंक्तीबाहेर राहायचा.

दुकानदाराने फोन तिच्या मशीनशी जोडून दिला. गाणं लागलं. काय सांगावं, स्वर असे स्वच्छ की कुणीतरी डोक्याच्या आत खिडकी उघडल्यासारखं वाटलं. भिंगरी जागच्या जागी गरकन फिरली. मग वकील फोन घेऊन दुकानाच्या काचेच्या दारापाशी गेली आणि तिथून काहीबाही बोलायला लागली.

भिंगरीने तिच्या ओठांकडे पाहिलं. ओठ हलले. आवाज आला, पण मागून आला. जराच मागून. वकीलबाईंचं तोंड मिटलं, आणि मग शेवटचा शब्द कानात पोचला.

भिंगरी निम्मं कानांनी ऐकते आणि निम्मं ओठांवरून वाचते, आणि दोन्ही जुळलं तरच वाक्य उभं राहतं. एक चाक पुढे आणि एक मागे, अशी गाडी चालायची कशी?

“कसं येतंय?” वकील दारातून ओरडली.

सगळं दुकान बघत होतं. त्या प्रश्नामुळेच तर बघत होतं. “मस्त,” भिंगरी म्हणाली.

दुकानदाराच्या कानाशी तिने हळूच विचारलं, की आवाज थोडा उशिरा येतोय का. अपडेट येईल, मग सगळं ठीक होईल, असं तो ज्या सहजतेने म्हणाला, त्या सहजतेची तिला धास्तीच वाटली.

घरी तिने सांगितलं की गाणी झकास ऐकू येतात.

“आणि माणसं?” आईने विचारलं.

“माणसंपण येतात,” असं म्हणून ती खोलीत पळाली. खोटं नव्हतं ते. फक्त उशिरा येतात, एवढंच सांगायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने फुगीच्या ताईचा, अगदी तसाच फोन, सरावाला मागून आणला. सवय होईल, असं तिने स्वतःला बजावलं होतं. वकील समोरच्या शाळेची होऊन बोलायला उभी राहिली. भिंगरी ओठ पकडायला गेली की आवाज निसटायचा, आवाज धरला की ओठ पुढे गेलेले. ती खंडनाला उभी राहिली आणि वकीलने बोलून सोडून दिलेल्या मुद्द्यावर तावातावाने तुटून पडली. खरा मुद्दा त्यानंतरचा होता. मुलं हसली. मॅडमनी काळजीने विचारलं, बरं नाही का. तिने मुकाट्याने आपला जुना फोन काढला, आणि पुढच्या फेरीत वकीलची अशी पिसं काढली की हसणारी पोरं टाळ्या पिटायला लागली. टाळ्या चालू असतानाच फोनने मान टाकली. मॅडमचे ओठ हलत होते, कौतुकच करत असणार. काय ते कळलं नाही.

हा नवाही घेववत नाही आणि जुना पुरत नाही. जुन्याच कंपनीचा साधा फोन आणायचा, तर फुगी काय म्हणेल, दुकानात मिरवलेल्या त्या आवाजाचं काय? आणि आई म्हणेल, मला ठाऊकच होतं. तिला हे शेवटचं सगळ्यांत जास्त टोचत होतं.

आता त्यांच्या घरची एक रीत सांगायला हवी. जेवणाच्या टेबलावर एक पिवळा रुमाल पसरलेला असतो. भिंगरी खोलीत असली आणि तिला हाका ऐकू याव्यात म्हणून फोनचा मायक्रोफोन चालू ठेवायचा असला, की फोन त्या रुमालावर ठेवायचा. रुमालावर फोन, म्हणजे पोरगी ऐकतेय. एकदा तिच्या वाढदिवसाचं सगळं गुपित असंच तिच्या कानात सांडलं होतं, तेव्हापासून हा नियम पडला. रुमाल रिकामा असला की आईबाबांनी बिनधास्त बोलावं.

त्या संध्याकाळी सरावाहून आल्यावर तिने मेलेला फोन स्वयंपाकघरात ओट्याजवळ चार्जिंगला लावला. तो जिवंत झाल्यावर सवयीने मायक्रोफोन चालू केला, आणि गणवेशाच्या घड्या घालायला खोलीत गेली. रुमालाचं तिच्या डोक्यातच आलं नाही. आईबाबा स्वयंपाकघरात आले, त्यांनी टेबलाकडे पाहिलं असणार, रुमाल रिकामा होता.

आईचा आवाज थेट कानात आला. वेळेवर, जसाच्या तसा. “दुकानात तो फोन संपलाय म्हणून सांगू या. जुन्याच कंपनीचा आणू, त्यावर निदान माणसं तरी नीट ऐकू येतात तिला.”

“अगं, मी शब्द दिलाय तिला.”

“शब्द देऊन तुम्ही मोकळे होता, निस्तरते मी. आणि मॅडमशीही मी बोलणार आहे. हिला पहिलं भाषण द्या म्हणावं. पाठ करायचं आणि बोलायचं, ऐकायची भानगड नाही. एवढ्या लोकांसमोर ‘काय, काय’ करत उभी राहिली तर? इतक्या वर्षांनी कुठे केस बांधायला लागलीय.”

बाबा नाही म्हणतील, म्हणून ती वाट बघत राहिली. बाबांनी पाण्याचा नळ सुरू केला, बंद केला. “बघ, तुला योग्य वाटेल तसं,” ते म्हणाले.

चूक झाली तर लगेच “ऐकतेय” म्हणून ओरडायचं, हाही नियमाचाच भाग होता. भिंगरी ओरडली नाही. अर्धवट घडी घातलेला शर्ट हातात धरून ती पलंगाच्या काठावर बसली. आई रागाने बोलली असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. आई घाबरून बोलली होती, आणि ती भीती चिकट निघाली. आता ती भिंगरीच्या अंगाला लागली. खरंच तशी उभी राहिले तर? ईर्ष्येने तोच भारी फोन घ्यावा, तर शनिवारी स्टेजवर आईचं म्हणणं आपणच खरं करून दाखवू. जुन्या कंपनीचा घ्यावा, तर या दोघांना वाटेल, आपली युक्ती लागू पडली, आणि पुढच्या वेळी आणखी एक युक्ती तयार. तिला रात्रभर नीट झोप लागली नाही.

सकाळी शाळेच्या आवारात तिने कानाच्या डॉक्टरबाईंना स्वतः फोन लावला. आजवर तो फोन नेहमी आईने केलेला. त्यांनी आधी आईलाच द्या म्हटलं, तेव्हा ती म्हणाली, की कान माझे आहेत, मलाच सांगा. डॉक्टरबाई हसल्या आणि मग त्यांनी सरळ सांगितलं. तिची मशीनं आणि त्या कंपनीचे फोन यांचं गाण्यापुरतं जमतं. समोरच्या माणसाचा आवाज मागेच राहणार. सुधारणा येईलही, न येईलही. तिच्या जुन्याच कंपनीचा साधा नवा फोनसुद्धा मशीनशी नीट चालेल.

मग तिने मैत्रिणींना खरं सांगितलं. फुगी अपेक्षेप्रमाणे फुगली. तिने तिघींच्या फोटोंची सगळी आखणी करून ठेवली होती. वकीलने मात्र उलटतपासणी घेतली.

“मग दुकानात मस्त का म्हणालीस?”

“सगळे बघत होते.”

“आणि शनिवारी कोण बघणार नाहीये?”

दिवसभर तो प्रश्न भिंगरीच्या मागे मागे फिरला.

संध्याकाळी आईबाबा बाहेरून आले ते एकमेकांकडे न बघता. आईने पर्स खुंटीला लावली आणि पाठ वळवूनच सुरुवात केली, “अगं, दुकानात जाऊन आलो, पण तो फोन...”

“आई, इकडे बघून बोल,” भिंगरी म्हणाली. आई वळली. “तो संपलेला नाहीये. काल तुम्ही बोलत होतात तेव्हा मायक्रोफोन चालू राहिला होता. मी ओरडायला हवं होतं, नाही ओरडले.”

बाबा खुर्चीत बसले. आईचा चेहरा पडला. भिंगरीने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

“तो फोन मला नको. त्यावर ओठ आधी येतात, आवाज मागून येतो. हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं आणि मी तुमच्यापासून लपवलं. आज डॉक्टरबाईंशी मी स्वतः बोलले. आपल्याच कंपनीचा साधा फोन आणू, उद्याच.”

आईने सुटकेचा श्वास घेतला. तो अजून पुरता सुटलाही नव्हता, तेवढ्यात भिंगरी पुढे बोलली.

“आणि मॅडमना फोन करायचा नाही. खंडन मी करणार.”

“बाळा, पण तिथे ऐकू आलं नाही तर?”

भिंगरीलाही नेमकं तेच विचारायचं होतं कुणालातरी. विचारायला आता कुणी उरलं नव्हतं.

“तर सगळ्यांसमोर म्हणेन, परत बोला,” ती म्हणाली. “तुम्ही दोघं पहिल्या रांगेत बसा. पण मीच करणार.”